'शिक्षा' शब्दाचे दोन अर्थ आणि आमचे रस्ते

संस्कृतांतून मराठींत आलेले कांहीं शब्द वाटेंत आपला अर्थ पालटून येतात. 'शिक्षा' हा त्यांपैकींच एक होय. संस्कृतांत शिक्षा म्हणजे शिकविणें. वेदाच्या सहा अंगांपैकीं उच्चारशास्त्राला शिक्षा हेंच नांव आहे, आणि विद्या संपवून घरीं निघालेल्या शिष्याला गुरु जगांत कसें वागावें तें सांगतो तो सुप्रसिद्ध उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लींतच आलेला आहे. मराठींत मात्र शिक्षा म्हटली कीं छडी, दंड किंवा तुरुंग डोळ्यांपुढें उभा राहतो. सदतीस वर्षांच्या शाळामास्तरकींत हा फरक आम्ही मुलांना शब्दार्थाच्या तासाला मोठ्या हौसेनें सांगत आलों. परंतु हे दोन अर्थ एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत, आणि एक बाजू गळाली म्हणजे दुसरीही निरुपयोगी होते, ही गोष्ट आम्हांला शाळेंत कळली नाहीं. ती निवृत्तीनंतर, एका चौकांत, आणि तीही आमच्याच हातून घडलेल्या चुकीमुळें कळली. ती हकीकत भूषणावह खचित नाहीं. तथापि ती लपविल्यानें कोणाचेंच हित होणार नाहीं, म्हणून आरंभींच ती वाचकांपुढें ठेवतों.

चौकांतील ओळख

आम्ही राहतों तें शहर पुण्यामुंबईएवढें मोठें नाहीं. परंतु जेथें एके काळीं सायकलीच काय त्या दिसत, तेथें आज दुचाक्यांची अखंड रीघ लागलेली असते. आमचें कुटुंब एकत्र आहे. आम्ही, आमचे धाकटे बंधु, दोघांचीं मुलें, सुना व नातवंडें मिळून चौदा माणसें एका चुलीवर जेवतात. घरांत स्कूटरी तीन, आणि त्यांच्या किल्ल्या माजघरांतील एका खिळ्याला टांगलेल्या. ज्याला काम असेल त्यानें किल्ली घ्यावी आणि जावें, असा आमच्याकडील रिवाज. थोरल्या नातवास सोळावें वर्ष लागलें तसा तोही ती किल्ली घेऊं लागला. त्याला कोणीं परवानगी दिली नाहीं, आणि कोणीं मनाईही केली नाहीं. त्याच्या आईला वाटलें, मामंजींना विचारलें असेल. आम्हांला वाटलें, बापाला विचारलें असेल. बापाला वाटलें, काकांनीं शिकविलें असेल. एकत्र कुटुंबाचे गुण पुष्कळ आहेत. परंतु जी जबाबदारी सर्वांची, ती पुष्कळदां कोणाचीच नसते, हा त्याचा एक दोषही आहे.

तीन वर्षांपूर्वीं श्रावणांतील एका सकाळीं आम्ही त्याच नातवाच्या पाठीमागें बसून पेन्शनच्या कामासाठीं बँकेंत निघालों होतों. दोघांचींही डोकीं उघडीं. चौकांत पोलिसानें हात करून गाडी थांबविली, जवळ आला, आणि आम्हांस पाहतांच भर रस्त्यांत वांकून त्यानें नमस्कार केला. तो आमचा एका काळचा विद्यार्थी निघाला.

"मास्तर, मुलाचें वय काय?" त्यानें विचारलें.

"सोळा संपत आलीं. पण हात चांगला बसला आहे हो त्याचा," आम्ही म्हणालों.

त्याच्या हातांत दंडाची पावती करण्याचें तें लहानसें यंत्र होतें. तो क्षणभर घुटमळला. तें पाहून आम्ही म्हणालों, "अरे, इथें जवळच तर जायचें आहे. एवढ्या खेपेस जाऊं दे."

त्यानें एकवार आमच्याकडे व एकवार मुलाकडे पाहिलें, आणि यंत्र खिशांत ठेवलें. "तुमचा शब्द मोडवत नाहीं, मास्तर. पण पुन्हां त्याला गाडी देऊं नका."

पुढच्या वळणावर नातू हंसून म्हणाला, "आजोबा, तुमची ओळख फार उपयोगी पडते हं!" आणि खरें सांगावयाचें तर त्या वेळीं आम्हांसही बरें वाटलें. शिष्यानें मान राखला, नातवासमोर आपलें वजन दिसलें, ही गोष्ट म्हातारपणीं गोड लागते. त्या सकाळीं आम्ही त्या मुलाला एक धडा दिला होता, तो असा: नियम असतो, परंतु ओळख असली कीं तो लागू होत नाहीं. सदतीस वर्षांत दुसरा कोणताही धडा आमच्या कोणत्याही विद्यार्थ्यानें इतक्या त्वरेनें आत्मसात् केला नसेल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीं बाजारामागच्या अरुंद गल्लींत त्याच्या स्कूटरनें एका बाईला धडक दिली. ती आमच्या दारीं रोज सकाळीं देवपूजेचीं फुलें देणारी फुलवाली होती. झेंडूनें भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारांतून परत येत होती. मुलाला नुसतें खरचटलें. तिच्या मांडीचें हाड मोडलें. आम्ही पोहोंचलों तेव्हां ती गल्लींतील एका ओट्याला टेकून पडली होती आणि सगळ्या वाटेवर फुलांचा सडा पडला होता. आम्हांला पाहून ती म्हणाली, "पोरगं लहान हाय, मास्तर. त्येला मारूं नका."

दवाखान्याचा खर्च आमच्या घरानें केला. तिनें तक्रार करूं नये म्हणून घरांतील कांहीं मंडळी तिच्या मुलाला भेटून आलीं, आणि हें ठाऊक असूनही आम्ही गप्प बसलों. प्रकरण, म्हणतात त्याप्रमाणें, 'आपसांत मिटलें'. तिचा पाय मात्र पूर्ववत् झाला नाहीं. आज ती काठी घेऊन चालते. दारोदार फिरणें सुटलें. देवळाच्या पायरीशीं बसून जेवढीं विकतील तेवढीं फुलें ती विकते.

कांहीं दिवसांनीं आम्ही त्या चौकांत जाऊन आमच्या शिष्याला ही हकीकत सांगितली. त्यानें मान खालीं घातली. "चूक माझीही आहे, मास्तर. पाढा चुकला तर तुम्ही मला कधीं सोडत नव्हतां. मीं तुम्हांला सोडलें." या वाक्यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

नुसता दंड

आमच्या घरांत जें घडलें तें सर्व देशभर किती प्रमाणावर घडत आहे याची कल्पना सरकारी आंकड्यांवरून येते. २०२२ सालीं हिंदुस्थानांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत मृत्यु पावलीं. म्हणजे दर तासाला सुमारें एकोणीस. त्यांपैकीं शेंकडा चव्वेचाळिसांहून अधिक दुचाकीवरचीं होतीं. हेल्मेट न घातलेलीं ५०,०२९ माणसें त्या एका वर्षांत दगावलीं, आणि त्यांत पाठीमागें बसणारीं चौदा हजारांहून अधिक होतीं. एखाद्या सांथीनें इतके बळी घेतले असते तर घरोघर काढे उकळले गेले असते. परंतु रस्त्यावरील मरण एकेकट्यानें, निरनिराळ्या गांवीं येतें. म्हणून तें दैवाच्या खात्यावर लिहून आपण मोकळे होतों.

यावर उपाय म्हणून प्रथम दंड सुचतो. आमच्या पुण्याचें उदाहरण घ्या. १ जानेवारी २०१९ पासून तेथील वाहतूक पोलिसांनीं हेल्मेटचा नियम कडकपणें अमलांत आणण्यास आरंभ केला, आणि हजारों लोकांना दंड झाला. त्याबरोबर विरोधही उसळला. कृतिसमिती झाली, मोर्चे निघाले. शहरांत वेग तो किती, मग हेल्मेट कशाला? मान दुखते, केस गळतात, मागचा भोंगा ऐकूं येत नाहीं, अशा युक्तिवादांची रेलचेल झाली. कांहीं महिन्यांनीं रस्त्यावर अडवून होणारी तपासणी सैल करण्यांत आली, आणि पुष्कळांचीं हेल्मेटें माळ्यावर गेलीं. तीं पोलिसासाठीं घातलेलीं होतीं. पोलिस बाजूला होतांच त्यांचें प्रयोजनही संपलें.

वास्तविक वरील शंकांचें समाधान करणें अवघड नव्हतें. हेल्मेटच्या कठीण कवचाच्या आंत फेसासारख्या हलक्या पदार्थाचा जाड थर असतो. डोकें आपटतें तेव्हां तो थर चेंगरतो, धक्क्याचा जोर स्वतः सोसतो, आणि आंतील मेंदूला थांबण्यास क्षणाचा कांहीं अंश अधिक मिळतो. माणूस वांचतो किंवा जातो तो त्या अंशावर. हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसला तर डोकें आपटण्यापूर्वींच हेल्मेट उडून जातें आणि सारा खटाटोप व्यर्थ होतो. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचें एकत्र परीक्षण केलें असतां, हेल्मेटनें दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्याच्या इजेचा सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो असें आढळलें आहे. हें सर्व नागरिकांना घरोघर, शाळांतून, कीर्तनांतून, गणेशोत्सवांतून समजावून सांगून मग पावतीपुस्तक बाहेर काढलें असतें, तर परिणाम कदाचित् निराळा झाला असता.

नुसता उपदेश

उलट बाजूही तितकीच लंगडी आहे. १९ मे २०२४ च्या पहांटे पुण्याच्या कल्याणीनगर भागांत भरधाव मोटारीनें एका दुचाकीला उडविलें आणि तिच्यावरील एक तरुण व एक तरुणी, दोघेही संगणक अभियंते, प्राणास मुकलीं. मोटार एक अल्पवयीन मुलगा चालवीत होता असा आरोप झाला. त्याला प्रथम जामीन देतांना घातलेल्या अटींत एक अट अशी होती कीं, त्यानें अपघातांविषयीं तीनशें शब्दांचा निबंध लिहावा. सर्व देशांत संतापाची लाट उसळली, आणि थोड्याच दिवसांत त्या आदेशांत फेरफार झाला. त्या प्रकरणाच्या न्यायनिवाड्यांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. तें न्यायालयाचें काम आहे. परंतु आयुष्यभर मुलांकडून निबंध लिहवून घेतलेल्या माणसाला निबंधाची शक्ति व मर्यादा दोन्ही ठाऊक असतात. चूक होण्यापूर्वीं लिहिलेल्या निबंधानें मुलगा कदाचित् सावध होईल; दोन जीव गेल्यानंतर लिहिलेला निबंध ऐकावयास ते दोघे नसतात. लोकांना तो निबंध इतका झोंबला याचें कारण हेंच कीं, त्यांत शिक्षेचा एकच अर्थ उरला होता.

दोन्ही हात

दंड आणि शिकवण यांची जोड जमल्यास काय होऊं शकतें हें व्हिएटनाम देशानें दाखविलें आहे. तोही आपल्याप्रमाणेंच उष्ण हवेचा आणि दुचाक्यांनीं गजबजलेला देश. तेथेंही हेल्मेटची थट्टा होत असे. लोक त्याला भात शिजविण्याचें भांडें म्हणत. तेथील सरकारनें २००७ सालीं निर्णय घेतला, परंतु एका रात्रींत नव्हे. १५ सप्टेंबरपासून प्रथम राष्ट्रीय मार्गांवर हेल्मेट आवश्यक केलें. मधल्या काळांत जाहिरातींनीं व प्रचारानें लोकांच्या मनाची तयारी केली. उष्ण हवेस साजेशीं हलकीं हेल्मेटें बाजारांत आलेलीं होतीं. आणि १५ डिसेंबरपासून सर्व रस्त्यांवर सर्वांना नियम लागू करून पोलिस जागोजाग उभे केले. ज्या प्रांतांत पाहणी झाली तेथें हेल्मेट घालणारांचें प्रमाण सुमारें ४० टक्के होतें, तें ९० टक्क्यांच्या वर गेलें. पहिल्या तीन महिन्यांतच, ज्या रुग्णालयांतून मोजणी झाली तेथें, रस्त्यावरील अपघातांतून होणाऱ्या डोक्याच्या इजांचा धोका १६ टक्क्यांनीं व मृत्यूचा १८ टक्क्यांनीं उतरल्याचें दिसून आलें.

परंतु या यशस्वी कथेंत एक उपकथा आहे, आणि कुटुंबवत्सल वाचकांनीं तीच विशेष लक्षांत घ्यावी. त्या कायद्यांत आरंभीं मुलांच्या बाबतींत एक फट राहिली होती: लहान मुलाला उघड्या डोक्यानें पाठीमागें बसविल्याबद्दल मोठ्या माणसाला दंड करण्याची सोय नव्हती. शिवाय, हेल्मेटच्या वजनानें मुलांच्या मानेला अपाय होतो अशी एक अफवा पसरली. परिणाम असा झाला कीं, आईबाप हेल्मेट घालून पुढें बसत, आणि त्यांचें मूल मागें बोडक्या डोक्यानें बसे. २०१० मध्यें नियम करून ही फट बुजवावी लागली. ज्यांच्यासाठीं आपण जीव टाकतों असें म्हणतों, त्यांच्या डोक्याची काळजी पावतीच्या भयावांचून सुचूं नये, हें लाजिरवाणें खरें. परंतु तें केवळ व्हिएटनामचें नाहीं. आपल्या गांवच्या शाळेपुढें सकाळीं दहा मिनिटें उभें राहून पाहावें.

दुसरें उदाहरण दक्षिण अमेरिकेंतील कोलंबियाच्या राजधानीचें, बोगोटाचें. १९९५ सालीं तेथें आंतानास मोकस नांवाचे एक प्राध्यापक महापौर झाले. ते गणित व तत्त्वज्ञानाचे अभ्यासक व विद्यापीठाचे माजी प्रमुख होते, म्हणजे आमच्याच जातकुळीचे, मास्तर! त्यांनीं चौकांत तोंडाला रंग फासलेले मूकनट उभे केले. जो नियम मोडून रस्ता ओलांडी किंवा पट्ट्यांवर गाडी आणी, त्याची ते शब्द न बोलतां नक्कल करीत आणि सारा चौक हंसे. अंगठा वर व अंगठा खालीं अशीं चित्रें असलेलीं साडेतीन लाख पत्रकें नागरिकांना वांटलीं, कीं ज्यायोगें त्यांनीं एकमेकांच्या चांगल्यावाईट वर्तनाला तेथल्या तेथें पसंती किंवा नापसंती दाखवावी. परंतु मोकस केवळ हंसवून थांबले नाहींत. रात्रीं मद्यालयें लवकर बंद करण्याचा नियमही त्यांनीं अमलांत आणला. पुढील काळांत त्या शहरांतील अपघाती मृत्यु निम्म्याहून खालीं आले. चौकांतल्या लोकलज्जेच्या पाठीशीं कायद्याचा हात होता.

छडी मोठी नको, न चुकणारी हवी

दंड किती मोठा असावा यावर आपल्याकडे वाद होतात. इटलीचा विचारवंत बेक्कारिया यानें १७६४ सालीं आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या क्रूरतेनें नव्हे, ती टळणार नाहीं या खात्रीनें. शाळेंतला आमचाही अनुभव तोच. जो मास्तर महिन्यांतून एकदां भडकून वीस छड्या मारतो त्याच्या वर्गांत गोंधळ असतो. जो रोज, प्रत्येकाची, न चुकतां वही तपासतो त्याच्या वर्गांत छडी कोपऱ्यांत धूळ खात पडते. पोलिसांचेंही तसेंच आहे. मार्चअखेरची मोहीम किंवा एखादा सुरक्षा-सप्ताह यांपेक्षां वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस सारखी चालणारी तपासणी श्रेयस्कर. चौकाचौकांतील कॅमेऱ्यांचा मोठा गुण हा कीं, त्यांना मास्तर, पुढारी किंवा नातलग ओळखतां येत नाहींत. परंतु कॅमेऱ्यानें केलेला दंड भरला जात नसेल तर तोही अखेर न तपासलेल्या वहीसारखाच होय. आणि रस्त्यांतले खड्डे, गिळंकृत झालेले पदपथ, पुसले गेलेले पट्टे हीं ज्यांचीं कामें त्यांची वहीदेखील कोणीं तरी तपासली पाहिजे. एकट्या वाहनचालकावर सारा दोष टाकणें न्यायाचें नाहीं.

वेगाचें गणित मात्र प्रत्येक घरांत मांडतां येईल, आणि तें पांचवीच्या मुलाला कळेल. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें ८ मीटर जाते; ताशीं ६० वेगानें सुमारें १७ मीटर. समोर कोणी आलें हें डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. पुढें ब्रेक लागल्यावर, वेग दुप्पट तर थांबण्याचें अंतर चौपट. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पहिली गाडी एकंदर सुमारें १३ मीटरांत थांबेल. दुसरीला सुमारें ३७ मीटर लागतील. बाजारामागची आमची ती गल्ली वळणापासून देवळापर्यंत वीस मीटरही नाहीं. हें गणित आम्ही त्या दसऱ्यानंतर मांडलें. तें आधीं मांडावयास हवें होतें.

किल्लीचा खिळा

कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंत केव्हांच आलेला आहे. आपण तो वाचलेला नसतो इतकेंच. गीअरवाली मोटारसायकल असो कीं साधी स्कूटर, अठरा वर्षांखालील मुलाला ती चालवितां येत नाहीं. सोळा वर्षांची सवलत आहे ती फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीला, आणि तीही लायसेन्स असेल तरच. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणें, अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, बारा महिने वाहनाची नोंदणी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ लायसेन्सही मिळत नाहीं. 'आम्हांला ठाऊक नव्हतें' असें म्हणून सुटतां येत नाहीं. तें सिद्ध करण्याचा भार पालकावरच आहे. त्याच कायद्याप्रमाणें चार वर्षांवरील प्रत्येकानें, पाठीमागें बसणारानेंही, हेल्मेट घालावयाचें आहे. आणि त्याहून लहान मुलाला दुचाकीवर नेतांना पट्ट्यानें बांधून, हेल्मेट घालून, ताशीं चाळीसच्या आंत गाडी चालवावी, असा नियम २०२२ सालीं केलेला आहे.

हा कायदा अन्यायाचा आहे काय? आम्ही त्याचा पुष्कळ विचार केला. आमच्या शिष्यानें त्या श्रावणांतल्या सकाळीं आपलें काम केलें असतें तर आमच्या चिरंजीवांवर, ज्यांच्या नांवावर ती गाडी होती त्यांच्यावर, खटला झाला असता. आमची अब्रू गेली असती, पैसा गेला असता. गाडी वर्षभर दारांत उभी राहिली असती. आणि ती फुलवाली आज स्वतःच्या पायांनीं आमच्या दारीं आली असती. या दोहोंतून कोणता सौदा महाग, हें ठरविण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं.

त्या दसऱ्यानंतर आम्हीं घरांत चार साधे नियम केले. किल्ल्या खिळ्यावरून काढून कपाटांत ठेवल्या. त्या मोठ्या माणसानें द्यावयाच्या, कोणीं आपण होऊन घ्यावयाच्या नाहींत. किल्लीबरोबर हेल्मेट, आणि मागें बसणारासाठीं दुसरें. बाईमाणूस असो, मूल असो कीं सत्तरीचा म्हातारा. घरांतल्या कोणालाही पोलिसानें अडविलें तर ओळख सांगावयाची नाहीं. दंड भरून, पावती घेऊन, ती रात्रीं जेवणाच्या वेळीं सर्वांना दाखवावयाची. आणि घरांतल्या लहानानेंही मोठ्याची चूक बोलून दाखवावी. त्याला उलट उत्तर मानूं नये. आतांपर्यंत तीन पावत्या आल्या आहेत. त्यांतील एक आमची स्वतःची आहे, आणि ती दाखविली नातीनें.

थोरला नातू अठरा पूर्ण होईपर्यंत सायकलवरून कॉलेजांत गेला. लायसेन्स मिळाल्यावर त्यानें पहिल्यांदा गाडी नेली ती देवळापर्यंत, आणि पायरीशीं बसलेल्या बाईसमोर उतरून उभा राहिला. काय बोलला तें आम्ही विचारलें नाहीं. आम्ही रोज सकाळीं पूजेचीं फुलें आणावयास तेथवर पायीं जातों; वाटेंत तो चौक लागतो, आणि आमचा शिष्य उभा असला तर नमस्कार करतो. तो आतां कोणाला सोडत नाहीं, असें लोक कुरकुरत सांगतात.

वाचकहो, आपल्याही घरांत असा एखादा खिळा असेल. घरांतला वडीलधारा म्हणविणारानें आज संध्याकाळीं त्या खिळ्यावरची किल्ली कोण घेतो, किती वयाचा घेतो आणि डोक्यावर काय घालून जातो, एवढें तरी पाहावें. पोलिस चौकांत काय करतील तें त्यांच्या हातीं. परंतु चौकांत जाणारें मूल आपल्याच घरांतून निघतें.